कार्ब्युरेटरचं होडीचं इंजीन इथेनॉलवर चालवायचंय: जेट, रबर, पाणी, परवाना (नाथसागर, पैठण)

फुगवट्यावरचा

राम राम मंडळी. नाथसागराच्या फुगवट्याला आमचं गाव. फायबरची होडी आहे, तिच्यावर १६३ सीसीचं हवेवर थंड होणारं चार स्ट्रोक पेट्रोल इंजीन बसवलंय, लांब दांड्याला पंखा. साधा कार्ब्युरेटर, दोरी ओढून चालू करायचं. जाळी टाकायला-काढायला आणि पलीकडच्या काठाला सामान न्यायला हीच होडी.

पंपावर आता सगळीकडं ई२० पेट्रोल आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. तेव्हापासून अर्ध्या थ्रॉटलवर इंजीन मिसिंग मारायलंय, चोक जरा ओढून ठेवला की सुधारतं. प्लग नवा, फिल्टर नवा, तरी तेच. मग डोक्यात आलं की वीस टक्के तर आत आलेलंच आहे, पुरतं इथेनॉलवरच इंजीन नेलं तर? साखर कारखाने आजूबाजूला आहेत, डिस्टिलऱ्या आहेत, आणि हे पाणी संभाजीनगर-जालन्याची माणसं पितात. पेट्रोल सांडलं की पाण्यावर जो रंगीत तवंग पसरतो तो मला बघवत नाही. हिवाळ्यात इथं रोहित उतरतात, त्या उथळ पाण्यात तर अजिबात नाही.

विचारायचं एवढंच:
कार्ब्युरेटरचा जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) किती मोठा करायचा? रबराच्या नळ्या टिकतात का? थंडीत चालू होतं का? आणि इथेनॉल सरळ विकत घेता येतं का?

कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर लिहा. यूट्यूबवर बघितलं, पण तिथं सगळे मोटारसायकलवाले, होडीचं कोणी बोलत नाही.

पाना_अंबड

भाऊ, चोक ओढल्यावर सुधारतं हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, त्यात अर्धं उत्तर आलं. इंजीन लीन चाललंय, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय. आधी कारण सांगतो, मग आकडे.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे, त्याला ९ किलोच पुरते. कार्ब्युरेटरला ऑक्सिजन सेन्सर नसतो, तो काही ओळखत नाही, भोकातून जेवढं येईल तेवढं सोडतो. त्यामुळं तीच हवा आणि तोच जेट ठेवून इंधन बदललं की इंजीन उपाशी राहतं. ई२० ला ही गरज साधारण १३.५ वर येते. फरक थोडा आहे, पण छोट्या इंजिनांचे जेट कंपनीतूनच काटकसरीचे बसवलेले असतात, म्हणून तुम्हाला तो अर्ध्या थ्रॉटलवर जाणवतोय.

आता पूर्ण इथेनॉल. १४.७ भागिले ९ म्हणजे वजनानं १.६३ पट इंधन पाहिजे. इथेनॉल पेट्रोलपेक्षा जरा जड, तेवढी सूट धरली तर जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ ५५ ते ६० टक्क्यांनी वाढवायचं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, म्हणून व्यास वाढतो २५ टक्क्यांच्या आसपास. जेटवर ७० लिहिलेलं असेल आणि तो आकडा शतांश मिलिमीटरमधला व्यास असेल, तर ८८ लागेल.

इथं लोक फसतात. सगळ्या जेटवरचा आकडा व्यासाचा नसतो. केहिनचे बहुतेक जेट व्यासाच्या आकड्याचे, मिकुनीचे षटकोनी जेट प्रवाहाच्या आकड्याचे. प्रवाहाचा आकडा १०० असेल तर त्याला १५५-१६० पाहिजे, १२५ टाकला तर इंजीन लीन राहून तापेल. आधी तुमचा जेट काढा, आकडा बघा, पिन गेजनं (ठरावीक जाडीच्या सुयांनी) भोक मोजा, मगच दुकानात जा.

सुरुवात कायम मोठ्या जेटनं करायची आणि खाली यायचं. रिच (इंधन जास्त) झालं तर ताकद कमी होईल, प्लग ओला होईल, बाकी काही बिघडत नाही. लीन झालं तर व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनला भोक पडतं.

पायलट जेटलाही (आयडलला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंधन देणारा) हेच गणित लागू. नुसता मेन जेट बदलून लोक म्हणतात, चालू होतं पण आयडलला थांबत नाही. थांबणार कसं, आयडलला मेन जेट कामच करत नाही. शिवाय कार्ब्युरेटरच्या वाटीत (जिथं इंधन साठतं) इंधन सोडणारी फ्लोटची नीडल आणि तिची सीट दीडपट इंधन सोडू शकते का तेही बघा. फुल थ्रॉटलला मिनिटभर छान पळून मग दम सोडत असेल तर वाटी रिकामी व्हायलीय असं समजा.

फुगवट्यावरचा

दादा, लई धन्यवाद. जेट काढून बघितला, ७० लिहिलंय. पिन गेज नाही माझ्याकडं. ई२० वरच ठेवायचं म्हटलं तर किती पाहिजे?

पाना_अंबड

७० चा साधारण ७३. तो आकडा मिळणार नाही, ७२ किंवा ७५ मिळेल. ७५ टाका, बारीक रिच राहिलं तर होडीच्या इंजिनाला ते बरं. गाडी उतारावर थ्रॉटल सोडते, होडीला उतार नसतो. ती तासन्‌तास एकाच भारावर ओढत असते आणि तुमचं इंजीन हवेवर थंड होणारं. त्याला लीन चालवणं म्हणजे उन्हाळ्यात नुसतं तापवणं.

शाळेतली_रसायनवाली

नमस्कार. मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवते, इंजिनातलं मला पाना दादांएवढं कळत नाही. पण होडी म्हटलं की पाण्याचा प्रश्न आधी घ्यायला हवा, आणि अजून तो कोणी घेतलेला नाही.

इथेनॉल आणि पाणी कुठल्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. पेट्रोल आणि पाणी मिसळत नाहीत. पेट्रोल-इथेनॉल मिश्रणात पाणी शिरलं की सुरुवातीला ते विरघळून राहतं, दिसतसुद्धा नाही. १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे साधारण पाच मिली पाणी सामावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर जातं आणि दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. तापमान उतरलं की ही मर्यादाही उतरते. म्हणजे दुपारी स्वच्छ दिसणारं इंधन पहाटे दोन थरांत सापडू शकतं, आणि जाळी काढायला तुम्ही पहाटेच जाता.

टाकीतून इंधन ओढणारी नळी तळाशी असते. तिला पहिलं मिळतं ते पाणी-इथेनॉलचं मिश्रण. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (न ठोकता जळायची क्षमता) उतरलेला असतो.

'इथेनॉल हवेतून पाणी ओढतं' हे वाक्य फार फिरतं. ओढतं हे खरं, पण बंद टाकीत त्याचा वेग मंद असतो. होडीत पाणी येतं ते झाकणाच्या झिजलेल्या वॉशरमधून, पावसातून, ओल्या नरसाळ्यातून आणि अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री आतून धरणाऱ्या थेंबांतून. या चार वाटा बंद केल्या तर पुष्कळसा प्रश्न मिटतो.

आता तुमच्या मूळ कल्पनेच्या बाजूची गोष्ट. पूर्ण इथेनॉलमध्ये थर पडण्याचा प्रश्नच नाही. थोडं पाणी आलं तरी ते मिसळलेलं राहतं, ताकद जरा उतरते एवढंच. ब्राझीलमध्ये तर पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असलेलं इथेनॉलच गाड्यांत जळतं. म्हणून पाण्यावर मधली मिश्रणं सगळ्यात अवघड. शुद्ध पेट्रोल सोपं, शुद्ध इथेनॉलही त्या मानानं सोपं, आणि नेमकं पंपावर मिळतं ते मधलं.

कॅनमध्ये किती इथेनॉल आहे हे घरी तपासता येतं. १०० मिलीचं मोजपात्र घ्या, ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा थर दहालाच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर ९० मधले १८ मिली इथेनॉल खाली उतरतं आणि थर २६-२८ पर्यंत चढतो. हे काम उघड्यावर करा, चुलीपासून लांब. वापरलेलं मिश्रण परत टाकीत ओतू नका, धरणात तर नाहीच.

बोट_पथक

ताईंनी लिहिलेलं वाचून लिहावंसं वाटलं. मी पूरबचावाच्या स्वयंसेवी पथकात आहे, बीड जिल्हा. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सिंदफणेच्या काठची गावं पाण्यात होती. एका ठिकाणी रबरी बोट वेळेवर आली, माणसं तयार, आणि ओबीएम (बोटीच्या मागं लावायचं आउटबोर्ड इंजीन) चालू होईना. दोरी ओढून ओढून हात सोलले. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाला पाणचट थर आणि भिंतींना पांढरी भुकटी. त्या टाकीतलं पेट्रोल कित्येक महिने जुनं होतं. तोवर वल्ह्यानं लोक काढले.

आमच्याकडची मशिनं दोन स्ट्रोक, तेल मिसळून चालणारी. माझा प्रश्न सरळ आहे: इथेनॉलवर न्यायचं बाजूला राहू द्या, ई२० वर ही मशिनं भरवशाची ठेवायची कशी?

पाना_अंबड

बोट पथक भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून फुगवट्यावरच्या भाऊंना थांबवून तुम्हाला आधी उत्तर देतो.

दोन स्ट्रोकला खालचा थर चार स्ट्रोकपेक्षा जास्त घातक. टू-टी तेल पेट्रोलमध्ये विरघळतं, पाणी-इथेनॉलच्या थरात जवळपास राहतच नाही. तो थर ओढला गेला की बेअरिंग आणि सिलिंडर कोरडे. त्या दिवशी तुमचं मशीन चालू झालं नाही. चालू होऊन भर प्रवाहात सीज झालं असतं तर काय, याचा विचार करा.

बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं पंपावर २० आहे. म्हणून:

टाकीत पेट्रोल साठवून ठेवायचंच नाही. पावसाळ्यात दर महिन्याला ताजं घ्यायचं, जुनं मोटारसायकलमध्ये घालून संपवायचं.

दर वापरानंतर नळी काढायची, इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं आणि वाटीचा तळाचा स्क्रू सोडून उरलेलं काढायचं. आपोआप बंद पडलं तरी वाटीत चमचाभर उरतं आणि पांढरी भुकटी त्या चमचाभरातूनच होते.

टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर. खाली पारदर्शक वाटी असलेला घ्या. एक लक्षात ठेवा, तो सुटं पाणी अडवतो, इथेनॉलमध्ये विरघळलेलं नाही.

हातानं दाबायचा रबरी फुगा आणि नळ्या दर वर्षी बदला. पिळून बघा, चिकट किंवा कडक लागली की फेका.

आणि महिन्यातून एकदा बोट पाण्यात घालून मशीन भाराखाली चालवा. ड्रममध्ये बुडवून दोन मिनिटं घुर्र केलं म्हणजे तपासणी झाली असं नाही.

तुमच्या मशिनांवर इथेनॉलचा प्रयोग कोणी सुचवला तर ऐकू नका. एरंडेलाचं तेल इथेनॉलमध्ये विरघळतं, शर्यतीच्या दोन स्ट्रोकमध्ये लोक ते वापरतात. पण ते गोंदासारखं साचतं, शर्यत झाली की इंजीन उघडून साफ करावं लागतं. ज्या इंजिनावर माणसाचा जीव आहे, त्याला हे लावायचं नाही.

बोट_पथक

समजलं दादा. हे सगळं छापून शेडमध्ये लावतो. वाटीच्या स्क्रूचं आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

ऊसपट्टा_कळंब

मी डिस्टिलरीत काम करतो, त्यामुळं खरेदीबद्दल मी बोलतो.

कारखान्यातून कॅन भरून इथेनॉल मिळणार नाही. मागायलाही जाऊ नका. अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्काच्या अखत्यारीत येतं, १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो, टँकरच्या प्रत्येक लिटरचा हिशेब असतो. इंधनाचं इथेनॉल ९९.५ टक्क्यांच्या वरचं, पाणी काढलेलं असतं आणि ते तेल कंपन्यांना जातं. कोणी 'स्पिरिट देतो' म्हणून गुपचूप विकत असेल तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ती बाटली घरात कोणाच्या हाताला लागली तर डोळे जातात, जीव जातो.

सरळ मार्ग एकच. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं 'इथेनॉल १००' नावाचं इंधन निवडक पंपांवर आणलं, त्यात महाराष्ट्रही आहे. ते शुद्ध इथेनॉल नसतं, थोडं पेट्रोल मिसळलेलं असतं. ते फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्यांसाठी आहे, म्हणून कॅनमध्ये देतील का हे पंपावर आधी विचारून घ्या आणि मान्यताप्राप्त डबाच न्या.

आता पैशाचं. बचत होईल म्हणून करत असाल तर करू नका. २०२४-२५ च्या हंगामात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी लिटरला ६५.६१ रुपये दिले, सी-हेवी (साखर काढून उरलेल्या शेवटच्या) मळीच्या इथेनॉलला ५७.९७. हा कारखान्याचा दर झाला. त्यावर कर, वाहतूक, पंपाचं कमिशन. लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे एका लिटर पेट्रोलचं काम करायला दीड लिटर लागतं. ६५.६१ ची दीडपट ९८ रुपये इथंच झाली.

कोरडवाहू_औसा

राग मानू नका, पण मला हा विषय टोचतो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या वर्षीही आमच्या भागात ऊस उभा होता. मांजरा धरणाचा तळ दिसत होता तेव्हा मी हंडा घेऊन रांगेत उभा राहिलोय. धरणाचं पाणी उसाला, उसाचं इथेनॉल आणि तेच धरणातल्या होडीत जाळायचं. याला स्वच्छ इंधन कसं म्हणायचं?

फुगवट्यावरचा

औसेकर दादा, राग कशाचा. धरणाच्या फुगवट्यात आमची जमीन गेली, म्हणून आम्ही मासेमारीवर आलो. पाण्याची किंमत आमच्या घरात रोज कळते. मी ऊस वाढवा म्हणत नाही. पण पंपावरचं पेट्रोल घेतो तेव्हा वीस टक्के इथेनॉल मी घेतोच आहे, मला कोणी विचारलेलं नाही. मग त्यातलं कुठलं मिश्रण या पाण्याला कमी त्रास देतं एवढंच बघायचंय.

शाळेतली_रसायनवाली

दोघांचंही म्हणणं रास्त आहे. थोडी भर घालते. इथेनॉल आता फक्त उसाचं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यामुळं केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, ती पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. त्या काळात मक्याचा वाटा फार वाढला. मका आपल्याकडं कोरडवाहूतही येतो. औसेकरांचा प्रश्न त्यानं संपत नाही, पण कोणत्या पिकाचं इथेनॉल हे विचारलं पाहिजे.

पाण्यात सांडण्याबद्दल: इथेनॉल पाण्यात विरघळून पातळ होतं आणि जिवाणू ते लवकर खातात, तवंग राहत नाही. पेट्रोलमधलं बेंझीन त्यात नसतं. पण उथळ, साचलेल्या पाण्यात बरंच सांडलं तर ते खाताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे मरतात. म्हणजे नरसाळं नीट धरणं दोन्हीकडं लागतं.

धाकट्याचा_काका_जिंतूर

येलदरीकडचा आहे. पोरांनो, तुम्ही जेटवर आणि पंपावर लई लिहिलं, पण चालू करायचं राहिलं. थंडीत काय करणार? आमच्याकडं परभणी-जिंतूरला डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो.

आमच्या विहिरीवर पेट्रोल-राकेलचं इंजीन होतं. छोट्या टाकीत पेट्रोल, मोठ्या टाकीत राकेल, मधे कॉक. पेट्रोलवर चालू करायचं, डोकं गरम झालं की कॉक राकेलवर फिरवायचा. बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणून मगच बंद, म्हणजे कार्ब्युरेटरात पेट्रोल राहतं आणि उद्या पहिल्या दोरीला उचलतं. हे इंजीन अजून कोठ्यात पडून हाय. इथेनॉलला असंच काही चालंल का?

शाळेतली_रसायनवाली

काका, ब्राझीलनं नेमकं हेच केलं! तिथं १९७५ मध्ये 'प्रोआल्कोल' योजना आली, १९७९ मध्ये फियाट १४७ ही इथेनॉलवरची गाडी बाजारात उतरली. थंडीसाठी त्या गाड्यांत पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची. कारण साधं आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीसलाही पेट घेण्याइतकी असते. इथेनॉलची तेवढी वाफ व्हायला १३ अंशांच्या वर जावं लागतं, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळं कार्ब्युरेटर आणखी गार पडतो. त्या गाड्यांचे कार्ब्युरेटर गंजू नयेत म्हणून निकेलचा मुलामाही देत.

पाना_अंबड

काका, तुम्ही मोठं काम केलं. माझ्या मनात वेगळा पंप आणि प्रायमर असलं काहीतरी चाललं होतं. दोन टाक्या आणि कॉक, बस झालं. आणि तुमची बंद करायची पद्धत इथेनॉलला राकेलपेक्षा जास्त गरजेची, कारण रात्रभर वाटीत इथेनॉल राहिलं तर जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागाला पांढरी भुकटी धरते. शेवटची पाच मिनिटं पेट्रोलवर, मग बंद.

एक फरक सांगून ठेवतो. राकेलच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण राकेल लवकर ठोकतं. इथेनॉलचं उलट, ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्याला कॉम्प्रेशन जेवढं जास्त तेवढं ते खुलतं. म्हणजे काकांचं इंजीन इथेनॉलवर चालेल, पण पिईल फार.

तरी फुगवट्यावरचे भाऊ, प्रयोग तुम्ही काकांसारख्या जुन्या पंपसेटवरच करा, होडीवर नको. गावात कोणाच्या तरी कोठ्यात असेलच. पंपाला भार कायम सारखा, जमिनीवर उभं राहून बघता येतं, बंद पडलं तरी पाण्याच्या मध्यात अडकणार नाही. मोजून एक लिटर पेट्रोलवर किती वेळ चालतं ते घड्याळावर बघा, मग मोजून एक लिटर इथेनॉलवर. जेट बरोबर बसला असेल तर वेळ पेट्रोलच्या दोन तृतीयांशाजवळ येईल.

प्लगच्या रंगावर जाऊ नका. पेट्रोलला आपण विटकरी रंग शोधतो, इथेनॉल काजळी धरतच नाही, प्लग कोराच दिसतो, मग लीन असो की बरोबर. फुल भारावर चोक अगदी जरा ओढा. वेग वाढला तर अजून लीन आहे, पडला तर ठीक.

पंपसेटवर बसलं, मगच होडीचं इंजीन. ते सुद्धा पहिल्यांदा होडी काठाला दोराने पक्की बांधून, पंखा पाण्यात, फुल थ्रॉटल. त्या इंजिनाला काय काय बदलायचं ते लिहितो.

नळ्या: साधी नायट्राइल रबराची नळी इथेनॉलमध्ये फुगते. व्हिटॉनची (इंधनात टिकणारं वेगळं रबर) घ्या, हायड्रॉलिक नळ्यांच्या दुकानात मिळते. नीडलचं टोक आणि वाटीचा ओ-रिंगही व्हिटॉनचाच.

टाकी: जाड एचडीपीई किंवा स्टेनलेस. जस्ताचा पत्रा नको. आणि तुमची होडी फायबरची म्हणता, टाकी होडीतच घडवलेली असेल तर इथेनॉल तिच्यात घालूच नका. जुन्या पॉलिएस्टर रेझिनच्या टाक्या इथेनॉलनं विरघळतात, अमेरिकेत १० टक्क्यांच्या मिश्रणानंच कितीतरी बोटींचं असं झालं. तो विरघळलेला राळ इनटेक व्हॉल्व्हवर काळा डांबरासारखा बसतो.

पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर सारखा तुंबेल. इथेनॉल जुना चिकटा धुऊन आणतं, घाबरू नका.

इंजीन ऑइल लवकर बदला. जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या तर तेल गरम होत नाही, न जळलेलं इथेनॉल आणि पाणी खाली उतरतं, काडीला दुधाळ फेस दिसतो. तो दिसला की लगेच बदलायचं.

टायमिंगला (ठिणगी पडायच्या वेळेला) हात लावू नका. ठोकत नाही म्हणून पुढं घेता येतं हे खरं, पण त्यातून मिळणारी ताकद तुमच्या पंख्याला लागत नाही.

बोट_पथक

एक माझ्याकडून. इथेनॉलची ज्योत फिकट निळी, दुपारच्या उन्हात जवळपास दिसत नाही. हाताला चटका बसतो तेव्हा कळतं. होडीत भरताना इंजीन पूर्ण गार, विडी-सिगारेट लांब, आणि कोरड्या पावडरीचं अग्निशामक हाताशी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल तरंगत पसरतं. इथेनॉल भरपूर पाण्यानं विझतं, पण तांब्याभर पाणी मारून भागत नाही, ते पातळ झालं तरी बराच वेळ जळत राहतं. आणि लाईफ जॅकेट. मासेमारीवाले ते घालत नाहीत. इंजिनाचा प्रयोग चालू आहे तोवर तरी घाला.

ऊसपट्टा_कळंब

भाऊ, अजून एक कागदी काम. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. इंजिनाच्या होडीबद्दल वनखात्याची जी परवानगी असेल ती आणि मासेमारी संस्थेचं पत्र जवळ ठेवा. इंधन बदललंय म्हणून कोणी अडवणार नाही, पण अनोळखी वासाचा कॅन दिसला तर चौकशी होणारच. पंपाची पावती डब्याबरोबर ठेवा.

कोरडवाहू_औसा

फुगवट्यावरचे भाऊ, जमीन गेल्याचं तुम्ही लिहिलं ते वाचलं. माझा विरोध उसाला, तुमच्या होडीला नाही. पंपसेटवर मोजलं की आकडे इथं टाका. एक लिटरला किती वेळ, ते मला खरंच बघायचंय.

फुगवट्यावरचा

टाकतो दादा.

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते असं. होडीचं इंजीन आत्ता ई२० वरच राहील, ७५ चा जेट टाकून, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरसह. झाकणाचा वॉशर आजच बदलला, तो खरंच चिरलेला होता. टाकी आमची वेगळी प्लास्टिकची आहे, होडीत घडवलेली नाही. मामाच्या मळ्यात जुना राकेलचा पंपसेट आहे, कॉकसकट. तो साफ करायला घेतलाय. 'इथेनॉल १००' कॅनमध्ये मिळतं का हे शहरात गेल्यावर पंपावर विचारतो. नसेल मिळत तर पंपसेट ई२० वर चालवून जेटचा अभ्यास तरी होईल.

पाना दादा, शेवटचं एक. पंपसेटच्या जेटचा मोठा आकडा बाजारात मिळाला नाही तर आहे त्यालाच ड्रिल मारू का?

पाना_अंबड

हातमशीनच्या ड्रिलनं नाही. भोक वाकडं होतं, कडेला बर राहतो आणि मग आकड्याला काही अर्थ उरत नाही. घड्याळवाल्याकडं किंवा सराफाकडं पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरायची हातमूठ) असतं, त्यात ०.०५ मिमीच्या टप्प्यानं बारीक ड्रिल लावून हातानं फिरवायचं, तेलाचा थेंब टाकून. मूळ जेट तसाच जपून ठेवा, दुसरा स्वस्तातला घेऊन त्याच्यावर काम करा. भोक पाडल्यावर वरच्या तोंडाचा उतार बोटाला गुळगुळीत लागला पाहिजे. पंपसेटच्या कार्ब्युरेटरचा फोटो टाका, नीडल सीट दीडपट सोडेल का ते बघून सांगतो.